परतीचा काटा

कागदगिरणीत बॉयलर सांभाळतो मी. बावीस वर्षं.
काम म्हणजे काचेमागच्या एका काट्यावर डोळे लावून बसणं.
वाफ चढली की झडप मिटते,
उतरली की उघडते,
काटा थरथरत लाल रेघेला शिवतो आणि परत फिरतो.
चुकीनंच चुकीचा कान धरायचा, असं यंत्र.
त्याच्या भरवशावर डुलकीही काढली आहे मी,
मुकादम वेस्टेरिनेनला सांगू नका.

माणूसही तसाच, असं वाटायचं.
उणे एकतीसमध्ये लाकडं फोडताना दात वाजतात,
अंगावर काटा येतो (तोही काटाच),
आतलं कुणीतरी भट्टीत ओंडका टाकतं.
सौनात बसलं की घाम फुटतो,
तेच कुणीतरी उठून खिडकी उघडतं.
बाहेर आणि आत शंभराहून जास्त अंशांचा फरक,
आणि जिभेखाली तोच सदतीस.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
रस्ता बर्फाखाली गेलेला, सुईण हिल्का
गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडीनं आली.
सायमीला सौनात नेलं. माझी आई, आजी,
सगळ्या तिथंच बाळंत झालेल्या.
भट्टी जेमतेम कोमट, भिंतीत मुरलेला धूर.

दहा मिनिटांनी कळ. मग सात. मग चार.
घड्याळ हातात धरून मी, धंद्याच्या सवयीनं,
झडप मिटायची वाट बघत होतो.
डोकं खाली रेटतं, हिल्का हात धुताना म्हणाली,
रेटलं की मेंदूला निरोप जातो,
मेंदू आणखी जोर पाठवतो,
जोर आला की डोकं आणखी रेटतं.
"उलटा निरोप कोण देतं?"
"कुणी नाही."
"मग थांबतं कसं?"
"थांबत नाही. संपतं."

गिरणीत याला आमच्याकडे एकच शब्द आहे.
मी पोरगा होतो तेव्हा दोन नंबरची झडप गंजून चिकटली,
छपराचा पत्रा तळ्यापलीकडे सापडला,
आर्वोची टोपी कुंपणावर.
आर्वो नाही सापडला.
सायमीला हे कधी सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावर असावं,
कारण हिल्कानं मला पाणी आणायला पिटाळलं.
दोन्ही बादल्या भरलेल्याच होत्या.

बर्फात उभा राहिलो. दात वाजू लागले.
आत बायको फुटायला आलेली
आणि माझं यंत्र इमानेइतबारे मला सदतीसवर ठेवत होतं.
आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग आला.

एक ओरड. तिच्यावर चढलेली दुसरी.
मग काहीच नाही.
इतका वेळ काहीच नाही की
तळ्यातलं बर्फ तडकल्याचं ऐकू आलं.
मग एक नवाच, चिडका, बारीक आवाज.

मुलगी. निळसर, बघता बघता लाल, वाफाळणारी.
हिल्कानं ती दुपट्यात नाही गुंडाळली,
सायमीच्या उघड्या छातीवर पालथी घातली.
"हिला अजून कुडकुडता येत नाही.
तोवर आईचं वापरेल."
पोर गार पडली की आईची छाती तापते म्हणे,
पोर तापली की निवते.
मी हात लावून पाहिला. काय कळणार?
माझे हात बर्फाचे होते, सायमीनं झटकले.

पोरीनं ओढायला सुरुवात केली.
ओढलं तसं पोट आवळत गेलं, रक्त कमी होत गेलं,
ओढलं म्हणून दूध, दूध आलं म्हणून आणखी ओढणं,
पुन्हा तीच मागं न फिरणारी वाट.
मी घड्याळ खिशात टाकलं.
थोड्या वेळानं ती तोंड उघडं ठेवून झोपली.

सोमवारी कामावर.
काटा चढला, रेघेला शिवला.
मी श्वास धरून बसलो, जणू
यावेळी तो परत फिरणार नाही.
वेस्टेरिनेननं विचारलं, नाव काय ठेवलं?
अजून नाही ठरलं, म्हणालो.
बारशाआधी आम्ही सांगत नाही.