लिलाव

उपासना संपली. वेदीपुढच्या गराडूला
अजून माती आहे.
मकासरे मास्तर टेबलावर थाप मारतात:
"दहा! बोला छावणीवाले, बोला!"

मापभर सोयाबीन, सहा अंडी,
कुणाच्या गच्चीवरचं एकुलतं वांगं.

गराडू एस्तेरबाईंचा,
नळाशेजारच्या फुटक्या बादलीत वाढलेला.
यंदा शांतवन नाहीत. पाणी बाईंनीच घातलं,
कधी भांडी विसळलेलं.

"दोनशे!" पाळकांचा मुलगा पैसे भरतो
आणि गराडू परत टेबलावर ठेवतो.
असा तो तीनदा विकला गेला.

चौथ्यांदा मागून बारीक आवाज:
"बीस रुपये."
एस्तेरबाई. मंडीत बोलतात तसं, हिंदीतच.

मास्तरांची थाप हवेत राहिली.
पुढे कुणीच बोललं नाही.

पुढल्या रविवारी बाकांवरून डबा फिरला:
तळलेल्या फोडी, जिरावन जरा जास्तच.
शेंडा तेवढा
बादलीत.