ब्लॉक क्रमांक २२१७

मेणात बुडवलेला तुकडा, तांदळाच्या कणीएवढा.
पात्याला लावला की चार मायक्रॉनची फीत निघते,
कोमट पाण्यावर पसरते,
जरा जोरात श्वास सोडला तर गुंडाळते.
म्हणून या टेबलाशी मी बोलत नाही.
रबाळ्याच्या या लॅबमधली एकोणीस वर्षं
बहुतेक श्वास रोखूनच काढलीत.

दुपारी मुली येतात कोपरखैरण्याच्या नर्सिंग कॉलेजातून,
शोष, अतिवृद्धी, रूपांतर पाठ करून,
दहा मार्कांचा प्रश्न म्हणून.
मी म्हणते वह्या मिटा, आधी माणूस बघा.
नूतन वाघचौरे डोळा लावते.
"माणूस कुठंय मॅडम? नुसतं जांभळं-गुलाबी दिसतंय."

श्वासनळीत उंच पेशी असतात, सांगते मी,
डोक्यावर बारीक केस,
एका लयीत डुलणारे,
धूळ वर ढकलणारे, घशापर्यंत.
इथं ते शेतच नाही.
इथं फरशी बसवलीय.
चपट्या पेशी, थरावर थर, दणकट, बिनकेसांच्या.
धूर सोसायचा तर असंच व्हावं लागतं, एवढं त्यांना कळलं.
टिकल्या.
झाडलोट कुणी करायची ते मात्र राहिलंच.
केसांचं काम आता बरगड्या करतात,
रात्री दीडला, पहाटे चारला.

फॉर्मवर लिहिलंय: जोमा मढवी, वय एकसष्ट, गोठिवली.
'धंदा' या रकान्यात
आधी मिठागर, मग ते खोडून रंगाची कंपनी,
तेही खोडून वॉचमन.
नूतन फॉर्म बघते, पुन्हा काच बघते.
"मॅडम, हे तर सारखंच आहे."
मी म्हणते, असलं पेपरात लिहू नकोस, मार्क कापतात.

ते स्वतः आले होते परवा, रिपोर्ट न्यायला.
निळा शर्ट, खिशात शिटी.
फुंकवत नाही म्हणाले, दोरीसाठी ठेवलीय.
"मिठागरान कवा खोकला नव्हता मना."
मग काउंटरवर वाकून, हळूच,
"मेलाय का त्यान कायी?"

डॉक्टर बोलतात या गोष्टी, मी नाही.
पण मुलींना सांगते:
एक मरण असं की पेशी स्वतःच आवरायला घेते,
आतलं सगळं बांधून लहान लहान पुरचुंड्या करते,
शेजारणी त्या गिळून टाकतात, घरात कुणाला पत्ता नाही.
दुसरं, फुटून.
आतलं आम्ल शेजाऱ्यांच्या अंगावर,
मग सूज, लाली, ताप, धावाधाव.
असं मरण एकदा महापेच्या नाक्यावर
आम्ही खिडक्या लावून घेऊन वास घेतलंय.
या काचेत दोन्हींतलं एकही नाही.
इथं सगळं जिवंत आहे. अडचण तीच आहे.

"परत होतं का मॅडम, पहिल्यासारखं?"
जी बदलली ती परत फिरत नाही.
पण अगदी तळाशी काही असतात,
अजून काहीच न झालेल्या.
धूर थांबला तर त्यांच्या पोरी पुन्हा उंच होतात, केसांसकट.
"आणि नाही थांबला तर?"

मी काच जरा डावीकडे सरकवते.
कोपऱ्यात तीन-चार केंद्रकं,
हवी त्याहून मोठी, हवी त्याहून जांभळी,
रांग सोडून उभी.
डॉक्टरांनी पेनानं शेजारी ठिपका दिलाय.
सहा महिन्यांनी पुन्हा तपासणे.

मढवी वॉचमन आहेत त्याच रंगाच्या कंपनीत.
गेटवर. रात्रपाळी. वारा खाडीकडून आला तर बरं असतं,
म्हणाले जाताना.

मुली गेल्या. चार वाजले.
मेणाचा ठोकळा डब्यात ठेवला, डबा कपाटात.
२२१८. पित्ताशय. तुर्भे.
पातं पुसलं.
श्वास घेतला, धरला.