शांत पाण्याची अडचण

हैबती मेस्त्री बसऱ्याहून परत आला
तेव्हा दोन बोटं कमी होती
आणि एक शब्द जास्त : फ्लोट.

लढाईत त्यानं बंदूक धरली नाही.
रंधा धरला, सरस, तांब्याची तार.
तैग्रिसच्या काठाला
पाण्यावर बसणाऱ्या विमानांचे पाय दुरुस्त करायचा.
सायबाचे नवे प्रयोग ते,
बदकासारखे फुगीर आणि बदकाहून येडे.
उन्हानं सरस सुटायचा, पंखा उभा चिरायचा.
वेढ्यातल्या पलटणीला पिठाची पोती घेऊन निघालेलं विमान
कधी उडायचं,
कधी नुसतंच नदीभर घासटत जायचं.

"पाणी सोडत न्हाई," मेस्त्री सांगायचा,
"शांत असलं की तर जास्तच धरतंय.
जरा लाट पायजे. तळाखाली वारा शिरला
की मग सोडतंय."

मंगळवार पेठेत हे कुणाला पटणार?
म्हणून त्यानं फणसाच्या फळ्यांचा एक पाय केला,
चौदा फुटी, तळाला मधेच एक पायरी.
"ह्या पायरीत सगळी इद्या हाय."
बांबूचे पंख, वर मांजरपाट, त्याला खळ.
इंजिन कुठलं आणायचं?
तालमीतले अकरा गडी आणि मोटेचा नाडा.
माझा बाप तिसरा.

त्या सकाळी रंकाळा आरशागत.
मेस्त्रीनं कपाळाला हात लावला,
मग ओरडला, "म्हशी सोडा!"
गंगावेशीच्या सिदू गवळ्यानं
बावीस म्हशी पाण्यात घातल्या.
आरसा मोडला.
अकरा गडी बांधावरून पळाले,
नाडा ताठ,
आणि ते उठलं.

किती?
बाप म्हणायचा, वीतभर.
सिदू म्हणायचा, दोन पुरुष,
आणि दर दसऱ्याला त्यात एक पुरुष वाढायचा.
वर बसलेल्या मेस्त्रीला
पुष्कळ वर्षांनी मी विचारलं.
"मला काय दिसतंय? डोळे मिटलेले.
पण फळीखालचा पाण्याचा आवाज
थांबला व्हता.
तेवढं खरं."

पुढं घाटाची पायरी आली.
पंख गेले, मेस्त्रीचा खांदा गेला,
पाय तेवढा शाबूत.

तो आता सिदूच्या नातवाच्या गोठ्यात आहे,
वरची फळी कापून, म्हशींचं पाणी प्यायला.
धारेच्या वेळी मी तांब्या घेऊन जातो, बघतो :
मधल्या त्या उंचवट्यापाशी
ओंजळभर पाणी नेहमी राहतं,
म्हशीची जीभ तिथं पोचत नाही.