नाव नसलेली टेकरी

बायपासच्या पुलाखालून डावीकडे वळलं की इंदूर संपतं.
कॉलनी काटणाऱ्यांचा शेवटचा बोर्ड,
मग रुई, मग खडक.
टेकरीला नाव नाही. धुमाळकाका तिला 'आपली' म्हणतात.

अश्विनातले सव्वानऊ.
कुसळं मोज्यांत, मोजे बुटांत,
आणि वर, जिथं एक फूल नाही,
तिथं नर येऊन बसलेत.
एका दगडावर लिंबाळी.
दोन भिरभिऱ्या (नावानं बाया, दोघेही नर)
एका बोराटीवरून भांडत सरळ आभाळात,
आणि परत त्याच काट्यावर.
खायला काही नाही इथं, पाणी नाही.
माद्या खालून येतात, आल्या तर.
एवढ्यासाठी ही उंची.

मी वहीत रेघा मारते.
काका गिरणीच्या रंगखात्यात होते, ती बंद होईपर्यंत.
"हा बिबळ्या कडवा. पक्का रंग.
उकळलात तरी उतरणार नाही."
मग चांदवा पंख उघडतो.
पांढऱ्या ठिपक्याभोवती जांभळं काहीतरी,
मान कलती केली की आहे, सरळ केली की नुसतं काळं.
काका बराच वेळ कलत्या मानेनं उभे.
"हे डाईंग नाही," म्हणाले,
"ही उधारी आहे. उन्हाची."

चंडोल चढत जातो, गाणं खाली सांडत राहतं.
कोल्ह्यानं सपाट दगडाच्या मधोमध
सीताफळाच्या बिया ठेवल्यात, सही केल्यासारख्या.

थकबाकीसाठी फाटकासमोर किती रविवार बसले,
ते काका सांगत नाहीत. विचारतात एवढंच:
"ह्यातले किती खाली जात असतील हो, काम होऊन?"
मला माहीत नाही.
वहीत तसा रकाना नाही.

साडेदहाला आणखी एक कडवा आला.
मी रेघ मारली.
"थांबा. कपडा कडव्याचा आहे,
चाल बघा."

चांदव्याची मादी.
दगडावरचा उठला, आणि दोघं उतरणीला,
रुईवरून, मुरमाच्या खाणीकडे,
जिथं अजून ओल आहे आणि घोळ उगवते.
दगड रिकामा.
अर्धं मिनिट असेल.
मग दुसरा चांदवा त्यावर.

मी रेघ खोडली नाही,
बाण काढून शेजारच्या रकान्यात नेली.
काका बूट काढून
एकेक कुसळ उपटत बसले होते.