पोंकचा भांग

चाळीस वर्षं मी टोप बांधले.
दांडिया बाजारात, जिन्याखालच्या खोलीत,
लाकडी डोक्यांवर जाळी ताणून
एकेक केस आकड्याने ओवला.
नारदाची शेंडी, शकुनीची दाढी,
गणेशोत्सवातल्या हौशी राण्यांची गंगावनं.
केस कोणाचे, कधी विचारलं नाही.
पुड्यांवर फक्त लिहायचो: काळे, बारा इंच.

आणि आता समोरच्या फ्लॅटमधली हिरल
टॉवेलात गुंडाळून घेऊन येते तिचा गिनीपिग.
"काका, एने बहु गरमी थाय छे."
हिवाळ्यात, पोंकच्या गाड्या लागल्या तेव्हा आणलेला,
म्हणून नावही पोंक.
पुढून मागून सारखाच दिसतो.
काकडी ज्या टोकाने नाहीशी होईल
ते तोंड समजायचं.

मे महिना, वारासुद्धा तव्यावरून आलेला.
कानामागे जट, पोटाखाली गुंता,
आणि शेपूट असती तर जिथे असती
तिथे मुताने पिवळा पडलेला गठ्ठा.

मांडीवर घेतला. जटेत कॉर्नफ्लोअर भुरभुरलं.
फणी लावली, नेहमीसारखी,
पहिल्याच गाठीला तो असा किंचाळला
की फणी पडली हातातून.
हिरल हसली.
मला घाम फुटला.
बोटांखाली, केसांच्या तळाशी,
एवढंसं काळीज, भरधाव शिलाई मशीन.

मग शिकलो. या वयात.
गाठीच्या मुळाशी दोन बोटं दाबून धरायची,
म्हणजे ओढ आपल्याला लागते, त्याला नाही.
लाकडी डोक्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

नंतर कात्री. चारी बाजूंनी घेर कमी केला,
परकर आखूड करतात तसा.
"टकलो नहि करता हं, काका!"
नाही गं बाई.
शेवटी पाण्याचं बोट फिरवून
पाठीवर मधोमध भांग पाडला, सरळ.
नाकं मुरडत कोथिंबीर खाल्ली त्याने,
आणि जागच्या जागी एक उडी, लाहीसारखी.

पेपरवर पांढरे-तांबूस केस पडलेले.
हिरल गेली तरी मी बसूनच.
हात आपोआप मुळं एका बाजूला लावत होते.
विश्वामित्राची अर्धी दाढी सहज निघेल.
पुडी बांधली, सवयीने पेन घेतलं.
पांढरे, सहा इंच, लिहिलं,
थोडं थांबून खाली: पोंकचे.

टोप एकदा दिला की दिला, पुन्हा वाढत नाही.
याचे महिन्याला इंचभर येतात म्हणे.
कॅलेंडरवर जूनच्या दहा तारखेला
बारीकशी खूण करून ठेवली आहे.