वार्षिक अहवालासाठी

नऊ सामने, जिंकला एक,
तोही मडगावकरांची बस पारोड्याला बंद पडली म्हणून.
"अहवालात काय घालू, नाईक?" प्राचार्य विचारतात.

काय घालणार.
चेंडू दोनदा कुशावतीत गेला,
दोन्ही वेळा पोहून आणला.
शाबा वेळीप रात्रभर काजूच्या भट्टीवर जागायचा,
सकाळी गोलात उभा, अंगाला हुर्राकाचा वास.
काणकोणविरुद्ध सहा खाल्ले.
सातवा अडवला
आणि असा ओरडला
की पंचाच्या तोंडातली शिटी पडली.

मिंगेलचे बूट
मध्यंतरानंतर कृष्णनाथच्या पायात,
एक नंबर मोठे, पुढे कापूस.
हे ऑडिटला चालत नाही, ठाऊक आहे.

पण जूनमध्ये सरावाला सात होतो, सर,
मला धरून.
आणि शेवटच्या सामन्याला
तांबड्या धुळीच्या कडेला, फणसाखाली,
बाकावर कायतान बसला होता,
लिंबं चिरत, पाय हलवत,
दर पाच मिनिटांनी विचारत,
"सर, आता घालता मला?"

बारावा.
केप्याच्या कॉलेजकडे
बारावा होता.