नावातलं ठिगळ

कुपवाडच्या एमआयडीसीत, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
मी एक बारका प्रोग्रॅम लिहून दिला होता.
किती पेट्या, कुठलं चेंबर, कुणाचा माल,
ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल,
आणि शेवटी एक बटण: छापा.
एवढंच. मुंगीलासुद्धा भ्यावं लागलं नसतं त्याला.
नाव ठेवलं डिस्पॅच,
कारण गेटपासून काट्यापर्यंत सगळे तेच म्हणतात.

सोमवारी सकाळी तबस्सुम नदाफनं त्याच्यावर दोनदा टिचकी मारली
आणि पडदा काळवंडला.
मधोमध चौकट, निळी-पिवळी ढाल:
या प्रोग्रॅमला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?
खाली पासवर्डची रिकामी खाच.
पासवर्ड मगदूम अण्णांच्या जावयाकडं,
जावई जयसिंगपुरात साखरपुड्याला,
फोन बंद.
बाहेर गुवाहाटीचा ट्रक, साडेनऊशे पेट्या चढलेल्या,
ताडपत्री आवळलेली, ऊन चढत चाललेलं.
"ह्यो काय बदल करणार ओ," तबस्सुम म्हणाली,
"परवा ह्याला टनाचं किलो करता येईना."

दुपारपर्यंत मी त्याची आतडी उसवली.
ओळ न् ओळ. कुठंच त्यानं हात लांबवलेला नव्हता.
अँटीव्हायरस झोपवला, फोल्डर हलवला,
मशीन तीनदा बंद-चालू,
चहावर साय धरली.
मग वैतागून एक प्रत काढली, नाव दिलं नुसतं क,
आणि ती उघडली. बिनबोभाट.
तोच प्रोग्रॅम. आत काना-मात्रेचाही फरक नाही.

मग खेळच मांडला.
एकेक इंग्रजी अक्षर जोडत गेलो:
डी, चालला. डी-आय, चालला.
सी पर्यंत सुखरूप आला,
एच जोडला
आणि ढाल.
मग पुढून सोलायला घेतला. डी काढला, ढाल.
आय काढला, ढाल.
एस काढला,
उरलं पॅच.
ठिगळ.

इतकी वर्षं तोंडात घोळवतोय हा शब्द,
त्याच्या पोटात ठिगळ आहे हे कधी दिसलं नव्हतं.
मशीनच्या दारावर एक जुना पहारेकरी बसलाय.
त्याला कुणीतरी चार शब्द पाठ करून दिलेत:
सेटअप, इन्स्टॉल, अपडेट, पॅच.
ज्याच्या नावात यातलं काही ऐकू येईल
तो गवंडी, भिंत फोडायला आलेला.
मालकाला विचारल्याशिवाय सोडायचा नाही.
पिशवीत थापी आहे का बेदाणा, बघ,
असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

नवं नाव पाहिजे. मराठीच ठेवू म्हटलं: रवाना.
रोमन अक्षरांत टाईप केलं, एंटर दाबलं,
आणि तबस्सुम खुर्चीत मागं रेलून हसायला लागली.
"सर, रावण झाला ओ त्याचा."
झालाच होता.
पहारेकऱ्यानं मानही वर केली नाही.
रावण सरळ आत गेला,
पावती छापून बाहेर आला.
तीन वाजून दहा मिनिटांनी ट्रक काट्यावर.

पावती फाडता फाडता ती म्हणाली,
स्टेपलर कुठं ठेवला विचारावं तशा आवाजात:
"माझ्या भावाला पुण्यात दीड महिना खोली मिळंना.
आता मिळाली. करार मित्राच्या नावावर हाय."
प्रिंटर अजून कुरकुरत होता.
मी त्याच्याकडंच बघत राहिलो.

रात्री विश्रामबागेत, घरी, वाचता वाचता सापडलं:
प्रोग्रॅमच्या अस्तरात एक चिठ्ठी शिवता येते,
पहारेकऱ्यानं नावाआधी वाचायची.
मला जादा काही नको.
जो मला उघडेल, त्याच्याइतकाच मी.
मंगळवारी शिवली. जुनं नाव परत दिलं,
डिस्पॅच, ठिगळासकट,
आणि चालला.

आता स्क्रीनवर दोघंही आहेत, शेजारी शेजारी.
तबस्सुमला सांगून ठेवलंय, हा आता अडत नाही.
ती मान हलवते,
आणि सवयीनं रावणच उघडते.